पंधराव्या मिनिटानंतर

फोनचा रिसीव्हर उलटा बसवला होता. इंगो वेसेलने तो कॉम्प्युटरला जोडलेल्या रबराच्या दोन कपांतून उपटून काढला, फिरवला आणि तळहाताने दाबून पुन्हा बसवला.

"तारेचं टोक इकडे," तो म्हणाला. "नाहीतर कॉम्प्युटर शिट्ट्या मारत बसेल आणि पलीकडे कोणाला काही ऐकूच जाणार नाही."

खोली त्याचीच होती आणि नव्हतीही. हानोफर शहराच्या बाहेर गाद्यांचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या शेडमध्ये प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या करून इंगोची पस्तीस वर्षांपूर्वीची खोली बांधली होती. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा होता. चित्रपट एका तरुण हॅकरवर होता, म्हणजे एकवीस वर्षांच्या इंगोवर. दिग्दर्शिका मालिनने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. फेब्रुवारीत गेझा गेली, तेव्हापासून तो घरात एकटा होता. सकाळी उठून कुठेतरी जाता येईल, एवढ्यासाठी तो हो म्हणाला होता.

आज पकडलं जाण्याचा प्रसंग घ्यायचा होता. त्यासाठी मालिनने आणखी एकांना बोलावलं होतं. पोलमान हे टपाल खात्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधले निवृत्त तंत्रज्ञ, वय एक्याऐंशी. इंगोचा फोन शोधून काढणाऱ्यांपैकी एक. ते काठी टेकत आले. त्यांनी इंगोकडे पाहिलं, मग त्याचं काम करणाऱ्या नटाकडे पाहिलं.

"तुमचे केस इतके चांगले कधीच नव्हते," ते म्हणाले. "मी कोर्टात पाहिलंय तुम्हाला."

इंगोला म्हातारा आवडला. दोघे कागदी पेल्यांतली कॉफी घेऊन सामानाच्या पेट्यांवर बसले. मालिन वही घेऊन समोर बसली.

पोलमान सांगत होते की तेव्हा कोणाचा फोन आहे ते पडद्यावर दिसत नसे. एक्सचेंजमध्ये पुरुषभर उंचीच्या कपाटांच्या रांगा असत आणि कॉल चालू असेपर्यंत त्यांतली चाकं अडकून राहत. एक चाक सापडलं की तारेचा माग काढत पुढच्या रांगेत धावायचं. मग दुसऱ्या एक्सचेंजला कळवायचं, तिथे दुसरा माणूस धावणार. कॉल तुटला की सगळी चाकं जागेवर परत.

"वीस मिनिटांच्या आत कधी जमलं नाही. आणि हे साहेब पंधराव्या मिनिटाला फोन ठेवायचे. एकदा नाही, तीनदा. मी शिडीवर, हातात टॉर्च, आणि कॉल गायब. आम्ही यांना आगगाडी म्हणायचो. अगदी वेळेवर सुटते म्हणून."

"तेव्हा सुटायच्या," इंगो म्हणाला.

म्हातारा हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबल्यावर मालिनने विचारलं, की मग चौथ्या वेळी कसं जमलं.

"चौथ्या वेळी वरून निरोप आला. नोव्हेंबरात प्रार्थनेचा बुधवार असतो ना, तेव्हा सुट्टी असायची त्याची. त्या दिवशी चार वाजता तयार राहा, तो जास्त वेळ थांबणार आहे. सुट्टीच्या दिवशी कामावर गेलो म्हणून बायको दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण थांबले हे. चौतीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोलीस यांच्या दारात."

मालिनने आकडा लिहून घेतला. आपल्या पटकथेशी हे जुळतंच, असं ती म्हणाली. मित्राने गप्पांत गुंतवून ठेवलं.

मित्र म्हणजे फोल्कमार टिट्येन. त्या दुपारी तोही त्याच दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेला होता आणि इंगोला मजकूर पाठवत होता. पोलीस इंगोकडे आले, फोल्कमारकडे गेले नाहीत. इंगोला वीस महिन्यांची शिक्षा झाली. ती स्थगित झाली, पण विद्यापीठातली जागा गेली ती गेलीच. त्यानंतर तो फोल्कमारशी एक अक्षर बोलला नव्हता. पटकथेतल्या फितुराचं नाव वेगळं होतं, पण गावात कोणीही ओळखलं असतं. जिवंत माणूस ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती लागते, म्हणून मालिनने मे महिन्यात त्याला कागद पाठवला होता. तो आठवड्याभरात सही होऊन परत आला. एकही अट नाही, एकही शब्द नाही. गेझाच्या वतीने नवरा म्हणून इंगोने सही केली होती. फोल्कमारची सही बघून तो मालिनला म्हणाला होता, बघा, कबूल केलं की नाही.

आता त्याने पेला खाली ठेवला. पेला कलंडला आणि कॉफी त्याच्या बुटापर्यंत आली. तो पाय न हलवता बसून राहिला.

पंधरा मिनिटांचं फोल्कमारला माहीत नव्हतं. कोण कसा काम करतो ते कोणी कोणाला सांगायचं नाही, असा त्यांच्या टोळक्यात नियमच होता. आणि गप्पा कितीही रंगल्या तरी इंगो अर्ध्या वाक्यात रिसीव्हर उचलत असे. वेळ गेझा सांभाळायची. खोलीत गजर वाजला तर आवाज कपांत शिरून पडद्यावर कचरा उमटायचा, म्हणून ती मनगटावरचं घड्याळ बघत पलंगावर बसायची. पंधरा मिनिटं झाली की काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. एकदा कामाला लागला की इंगो घड्याळ बघत नसे. कॉफी आणि केक नेहमी त्यानंतर.

त्या बुधवारी मात्र केक आधी आला होता. हात कीबोर्डवरून हलू नयेत म्हणून तिने तो काट्याने भरवला होता. इंगोनेच हे मालिनला सांगितलं होतं, आनंदाची आठवण म्हणून. पटकथेत ते जसंच्या तसं होतं.

"बरं वाटत नाही का?" पोलमाननी विचारलं.

हवा खाऊन येतो, असं सांगून इंगो उठला.

शेडच्या मागे त्याने मोबाइल काढला. जवळच्या पाइने गावात फोल्कमारचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हे त्याला कित्येक वर्षं माहीत होतं. नंबर दुकानाच्या पाटीच्या फोटोवर होता.

"टिट्येन सायकल्स."

"इंगो बोलतोय."

पलीकडे हवा भरायच्या पंपाचा आवाज येत होता. तो थांबला.

"गेझाचं पेपरात वाचलं," फोल्कमार म्हणाला. "अंत्यविधीला आलो होतो मी. मागे उभा होतो."

तुला कधीपासून माहीत आहे, एवढंच इंगोने विचारलं. कशाबद्दल, असं फोल्कमारने विचारलं नाही. त्याच डिसेंबरपासून, तो म्हणाला. गेझा त्याच्या खोलीवर आली होती. कोटसुद्धा न काढता सगळं सांगून मोकळी झाली. बर्लिनहून आलेले दोघेजण त्या वेळी इंगोच्या मागे लागले होते, त्यांना लष्कराच्या कॉम्प्युटरांची यादी हवी होती. इंगोला त्याची ऐट वाटत होती. आत्ता पकडला गेला तर शिक्षा भोगून सुटेल, आणखी महिनाभराने पकडला गेला तर हेरगिरीसाठी दहा वर्षं आत जाईल, असा तिने हिशोब केला होता.

"मीच सांगेन त्याला, तोवर गप्प राहा, असं म्हणाली."

"तोवर," इंगो म्हणाला.

"हो. मीही वाट बघत होतो."

"मग त्या कागदावर सही कशाला केलीस?"

"तुझी बायको जाऊन तीन महिने झाले होते, गाढवा. तेव्हा मी काय लिहून पाठवायला हवं होतं?"

फोल्कमार म्हणाला की दुकानात गिऱ्हाईक उभं आहे. चित्रपटाचं आहे तसं राहू दे, माझी गिऱ्हाइकं चित्रपट बघत नाहीत. मग त्याने फोन ठेवून दिला.

इंगो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिने पोलिसांना का कळवलं हे त्याला समजत होतं. कदाचित पहिल्या वर्षीसुद्धा समजलं असतं. पण पस्तीस वर्षं तो जेवणाच्या टेबलावर फोल्कमारला शिव्या देत आला होता. दर नोव्हेंबरात तर हमखास. गेझा त्याच्या ताटात बटाटे वाढत म्हणायची, सोड रे आता. तिचं मन मोठं आहे, असं त्याला वाटायचं. लोकांना तो तसं सांगायचासुद्धा. शेवटच्या तीन आठवड्यांत तो रोज दवाखान्यात तिच्या उशाशी बसला होता. बोलायला वेळच वेळ होता. दोघांनी खिडकीतल्या कुंड्यांबद्दल बोलून घेतलं, तळघरातल्या बरण्यांबद्दल, विम्याच्या कागदांबद्दल. ती शेवटपर्यंत शुद्धीत होती.

तो आत आला तेव्हा दिवे लागले होते. पोलमान मॉनिटरसमोरच्या खुर्चीत बसले होते आणि पडद्यावरच्या एक्सचेंजमध्ये काय काय चुकलं आहे ते कोणाला तरी सांगत होते. गेझाचं काम करणारी फेनिया हातात बशी घेऊन पलंगावर बसली होती. केक कसा भरवायचा, असं ती मालिनला विचारत होती.

"पटकन," मालिन म्हणाली. "दोन घास, मग आपण कॅमेरा कॉम्प्युटरच्या पडद्यावर नेऊ. इंगो, बरोबर ना?"

इंगो पलंगाजवळ गेला. फेनियाने वर पाहिलं. ती गेझासारखी मुळीच दिसत नव्हती.

"पटकन नको," तो म्हणाला. "सावकाश भरव. एक घास संपू दे, मग पुढचा कापायला घे. मधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे बघ. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवू नकोस."

"पण आधीच्या सगळ्या प्रसंगांत मी ठेवलाय."

"त्या दिवशी तिने ठेवला नव्हता. तिला वेळ काढायचा होता."

मालिनने वही मिटली. तिने आधी पोलमानकडे पाहिलं, मग इंगोकडे. ती त्याला भिंतीच्या कडेला घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलू लागली. असं दाखवायचं असेल तर मे महिन्यातली संमती पुरणार नाही. फोल्कमारचा कागद रद्द होईल आणि गेझासाठी नवा करावा लागेल. घाई नाही, आज दुसरं काहीतरी घेऊ.

"घरी जाऊन विचार करा," ती म्हणाली.

"घरी कोणी नाहीये," इंगो म्हणाला. त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "कागद इथेच करा. सही कुठे करायची तेवढं दाखवा."