ताबा मिळेपर्यंत

मूल केव्हा होऊ द्यायचं, हा सर्वस्वी नवरा-बायकोचा निर्णय असतो. महेंद्र आणि दर्शनाच्या बाबतीत तो बिल्डरने घेतला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी ठाण्यात बाळकुमला टू बीएचके बुक केला. सॅम्पल फ्लॅटच्या दुसऱ्या बेडरूममध्ये एक पलंग होता, त्यावर पिवळी चादर आणि कापडी अस्वल. दर्शना त्या चादरीवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. कल्याणला चाळीतल्या एका खोलीत महेंद्रच्या आईसकट तिघं राहत होते. तेव्हा ठरलं, आधी ताबा, मग बाळ. बिल्डरने तारीख पुढे ढकलली की दर्शना मेडिकलमधून गोळ्यांचं नवं पाकीट आणायची.

एका दिवाळीच्या गडबडीत गोळ्या चुकल्या आणि दिवस राहिले.

"ठेवू या रे," दर्शना म्हणाली. "आईंच्या खाटेशेजारी झोळी बांधू."

"अगं, सहावा स्लॅब पडलाय. थोडक्यासाठी कशाला? मुलाला स्वतःची खोली नको?"

"मुलाने मागितलीये का?"

महेंद्रने तिला समजावलं. बिल्डरच्या माहितीपत्रकातली वाक्यं त्याला पाठच होती.

ठाण्यातल्या नर्सिंग होममध्ये गर्भपात रीतसर, सुखरूप झाला. येताना तिला बरं वाटावं म्हणून त्याने रिक्षा बाळकुमला वळवली. त्यांचा मजला अजून झालेला नव्हता, म्हणून त्याने आभाळात बोट दाखवलं. दर्शनाने वर पाहिलं नाही.

ताबा मिळाला तेव्हा ती चाळिशीला टेकलेली. टेस्ट ट्यूब बेबीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट चाळत विचारलं, "इतकी वर्षं का थांबलात?"

"ताबा मिळाला नव्हता," महेंद्र म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

सगळे फ्लॅट विकले गेल्यावर बिल्डरने सॅम्पल फ्लॅट मोडला. महेंद्रने तो पलंग अस्वलासकट विकत आणून दुसऱ्या बेडरूममध्ये मांडला. दर्शना पोटात इंजेक्शनं घ्यायची ती त्याच्यावरच बसून. दोनदा जमलं नाही. उरलेला शेवटचा गर्भ आत सोडला आणि मग एका दुपारी क्लिनिकमधून फोन आला. निगेटिव्ह.

"तेव्हा मी ऐकायला हवं होतं," महेंद्र म्हणाला.

"ऐकलंस की. बिल्डरचं." ती चहा ठेवायला उठली. "ती खोली आता आईंना दे. हॉलमध्ये झोपून कंबर धरलीये त्यांची."

महेंद्र खोलीत गेला. अस्वल खाली ठेवून पलंगावर आडवा झाला, तर गुडघ्यापासून पाय बाहेर. त्याने टेप आणून पलंग मोजला. चार फूट. आई मावणार नव्हती. ते मूल असतं तर आज चौथीत असतं; तेही मावलं नसतं.

खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पल फ्लॅटमधले पलंग आखूडच बनवतात.