आवडाबाईची तिसरी बाटली

सांडूनं मला एकच अट घातली होती. "काका, लिहा. पन बाई वळखू यायला नको."

सांडू आमच्या संस्थेतला साथी कार्यकर्ता. एकेकाळी तो सुईनं नशा करायचा, त्यातूनच त्याला हेपॅटायटिस सी झाला, आणि औषधानं तो बरा झाला. आता तशाच माणसांना तो हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेतो. डॉक्टरांना बिचकणारे लोक त्याचं ऐकतात, कारण तो त्यांच्यातलाच. मी वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस; दवाखान्यात रुग्णांचे कागद भरून देतो. संस्थेच्या वार्षिक पुस्तिकेसाठी त्याच्याकडून ऐकून एका रुग्ण बाईची हकीकत लिहिली.

आवडाबाईचं नाव मी बदललं. बाकी सगळं ठेवलं: चिकलठाण्याचं भंगाराचं गोदाम, मनगटावर गोंदलेला विंचू, मेलेल्या नवऱ्याच्या सुईनं तिनं घेतलेली नशा. तपशिलाशिवाय लिखाण खोटं वाटतं, एवढंच मी पुस्तकांतून शिकलो होतो. नाव बदललं की माणूस झाकला जातो, असं मला खरंच वाटलं.

पुस्तिका देणगीदारांना गेली; लिहिणाऱ्याचं नाव तीत नव्हतं. गोदामाचा मालक त्यांपैकीच एक. त्यानं विंचवावरून आवडाबाईला ओळखलं आणि कामावरून काढलं. गोष्ट वस्तीत पसरली. वस्तीतल्या बायका नळावर तिची घागर पायानं सारू लागल्या.

औषध बारा आठवड्यांचं; एका बाटलीत अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. दोन बाटल्या संपल्या होत्या. तिसरी घ्यायला ती आलीच नाही. ती बाटली घ्यायची राहिली तर आधीचं सगळं वाया जाण्याची भीती होती.

बाटली घेऊन आम्ही दोघं तिच्या दारात गेलो.

"आलास व्हय रे मुडद्या? अजून कुनाला सांगायचं ऱ्हायलंय?"

"आक्का, आधी गोळ्या घे. मग जोडा हान."

"तुला भाऊ म्हनलं मी. पोटच्या पोरीला नाय सांगितलं ते तुला सांगितलं. आन् तू छापून वाटलंस!"

सांडूनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. 'मी लिहिलं', एवढंच मला म्हणायचं होतं. मी भ्यालो.

"व्हय, आक्का. चुकलं माझं," सांडू म्हणाला.

"तुझ्या हातचं मी इखसुदीक घ्यायची नाय." मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "हे काका दवाखान्यात कागद भरून देतेत ना? ह्यांच्यापाशी दे. शिकलेलं मानूस, गप ऱ्हातं. ह्यांनी दिली तर घीन."

सांडूनं बाटली माझ्याकडं दिली. मी ती तिच्या हातात ठेवली. आमच्यासमोरच तिनं एक गोळी गिळली आणि मला म्हणाली, "बसा काका." त्याला नाही.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "सांडू, उद्या येऊन तिला खरं सांगतो."

"खबरदार! तुमचं मन हलकं व्हईल आन् तिच्या गोळ्या बंद पडतील. अठ्ठावीस दिवस तोंड उघडायचं नाय. आता उघडलं नाय, तसंच."

त्यानं गाडीला किक मारली. मला मागं बसायला सांगितलं नाही.

त्या गल्लीतले आणखी चौघं त्याच्याबरोबर तपासणीला येणार होते. एकही आला नाही.

ते अठ्ठावीस दिवस कधीच सरले. दर आठवड्याला मी आवडाबाईची विचारपूस करायला जातो. ती चहा करते. "त्या सांडूपासून जपून ऱ्हा, काका," म्हणते. मी चहा पितो.