अकरा जणींचं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. चार पायांचं, पाठ नसलेलं, साधं लाकडी स्टूल. आत्मवृत्त सांगावं इतकं आपल्या हातून काही झालं आहे का, ही शंका मला पहिल्या वाक्यापासूनच आहे. सनावळी नीट आठवत नाहीत. स्वप्नात पाहिलेलं आणि खरोखर घडलेलं यांचीही कधीकधी गल्लत होते. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

कपाट करून उरलेल्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवलं. काम संपल्यावर तो माझ्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "जमलंय." माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. दुसरं कुणी बसायला मग बरीच वर्षं जावी लागली.

मला एका तीन मजली कापडाच्या दुकानाने विकत घेतलं. तिथे मी चढायच्या कामाचा होतो. वरच्या फळीवरचा तागा काढायचा की मला ओढायचं, चपला काढून चढायचं, उतरलं की पायाने बाजूला सारायचं. तक्रार नाही, तळपायांची ओळख मला तिथेच झाली. दुपारी गिऱ्हाईक कमी व्हायचं, खिडकीतलं ऊन पिवळ्या ताग्यांवर पडायचं, हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत राहायचे आणि मला वाटायचं, आपण अजून झाडच आहोत, हे सगळं पानांतून दिसतंय.

आमच्या मजल्यावर अकरा विक्रेत्या होत्या. त्यांतल्या दोघी जिवलग. एक इतकी उंच की तिला सगळे शिडी म्हणत. दुसरी जेमतेम काउंटरच्या वर दिसणारी, पण बोलण्यात झोंबणारी, म्हणून तिचं नाव चिमटी. शिडीला माझी गरज नव्हती, चिमटीचं माझ्यावाचून चालत नसे.

दुकानाचा नियम एकच होता: बसायचं नाही. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत, जेवणाचा अर्धा तास सोडला तर, उभं राहायचं. विक्रेती बसलेली दिसली तर दुकान चालत नाही असं लोकांना वाटतं, असं मॅनेजरचं मत. सांजावता सांजावता या बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायच्या. लांबून पाहिलं तर वाऱ्यावर डुलणारी रोपं वाटावीत.

एका संध्याकाळी चिमटी पडद्याचा तागा काढायला माझ्यावर चढली. दहा तास उभ्याने काढल्यावर तिचे पाय सुजले होते. डोळ्यांवर क्षणभर झापड आली असावी. ती ताग्यासकट खाली आली आणि घोटा मोडला. मी हललो होतो का? इतकी वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारतोय. सगळे म्हणाले, स्टूल जागचं हललं नाही. मला खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी शिडी मॅनेजरपुढे उभी राहिली.

"साहेब, गिऱ्हाईक नसताना बसायची परवानगी हवी."

"बसणार कशावर?"

"हे स्टूल आहे की."

"ते चढायला आहे. उद्या झोपायला पलंग मागाल."

"पलंग आहे घरी. तिथवर चालत जाता आलं तरी पुष्कळ."

मॅनेजर हसला नाही. शिडीने अर्ज लिहिला, अकरा जणींनी सह्या केल्या. चिमटीने प्लास्टरमधला पाय पसरून घरूनच सही पाठवली. शेवटी मालकांनी निकाल दिला: एक महिना हे स्टूल काउंटरमागे ठेवा. बायका खरंच बसल्या तर तिन्ही मजल्यांवर स्टुलं येतील. नाही बसल्या तर हा विषय कायमचा बंद.

त्या दिवशी मला धडधडलं. लाकडाला धडधडतं का, ते मला माहीत नाही.

आणि मग जे झालं ते याच बायका करू जाणोत. कुणी बसेचना. "आधी तू बस." "छे गं, मी आत्ताच जेवून आलेय, तू बस." "तिचे गुडघे दुखतात, तिला बसू दे." आणि जिचे गुडघे दुखत ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" एकमेकींना जागा देता देता पंचवीस दिवस गेले. माझ्यावर पिशव्या ठेवल्या गेल्या, पाण्याची बाटली ठेवली गेली. मॅनेजर जाता येता माझ्याकडे बघून मिशीत हसायचा. ते हसू मला माझ्यावरचंच वाटायचं.

सगळ्यांत वाईट म्हणजे शिडी. ती तर माझ्या जवळही येत नसे.

महिना संपायला चार दिवस उरले असताना चिमटी लंगडत कामावर परत आली. तिने पिशव्या पाहिल्या, बाटली पाहिली.

"किती जणी बसल्या?"

सगळ्या ताग्यांकडे वळल्या.

"शिडे, तू?"

"मी कशाला? मी बाकीच्यांसाठी मागितलं होतं."

"हो का? अर्जात 'आम्ही' कुणी लिहिलं? त्या आम्हीत तू नव्हतीस, की नुसतं टपाल पोचवायला गेली होतीस?"

"मी धडधाकट आहे गं."

"पोटऱ्या दाखव."

शिडीने दाखवल्या नाहीत. पण मी जमिनीच्या जवळचा. मला माहीत होतं. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या.

"दुसऱ्यासाठी भांडताना तुझा आवाज खणखणीत," चिमटी हळू आवाजात म्हणाली, "आणि स्वतःचं आलं की तोंडात मिठाची गुळणी. तूच स्वतःला बसायच्या लायकीची समजत नाहीस, तर आम्ही कुठल्या तोंडाने बसायचं? पुरे झालं तुझं मोठेपण."

शिडीचे डोळे भरून आले. ती कापडाच्या घड्या करत राहिली. तीन दिवस दोघींनी अबोला धरला.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी मालक स्वतः पाहायला येणार होते. त्या दिवशीचं ऊन मला अजून दिसतं. फार मऊ होतं, कुणीतरी धुऊन पिळून टाकल्यासारखं. जिन्यावर बुटांचा आवाज आला. शिडीने माझ्यावरच्या पिशव्या उचलून खाली ठेवल्या. आणि ती बसली.

बसली म्हणजे टेकली. माझ्या कडेवर, चवड्यांवर सगळा भार ठेवून. मालक वर आले. मालक आले की उभं राहायचं, ही वीस वर्षांची सवय. तिचं अंग आपोआप उठू लागलं. तेवढ्यात चिमटीचा हात तिच्या खांद्यावर आला. तिने दाबलं नाही, नुसता ठेवला. हळूहळू शिडीचं सगळं वजन माझ्यावर आलं. इतकं पूर्ण वजन त्याआधी कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं.

"नमस्कार, साहेब," ती बसूनच म्हणाली. "पाच मिनिटं. मग ही बसेल."

मालकांनी काउंटरमागे नजर फिरवली. "अर्जावर अकरा सह्या होत्या," ते म्हणाले. "बाकीच्यांचं काय?"

"त्यांचीही पाळी येईल," चिमटी म्हणाली. "स्टूल एकच आहे. तुम्ही अजून आणलेली नाहीत."

पुढच्या आठवड्यात तेहतीस स्टुलं आली, प्रत्येक मजल्यावर अकरा. नवीन, गुळगुळीत. त्यांच्याशी माझं फारसं जमलं नाही, दोष माझाच असेल.

निवृत्त होताना शिडीने मला मागून घेतलं. नंतरची कैक वर्षं ती तिकीट खिडक्यांवर, दवाखान्यांत, जिथे बायका दिवसभर उभ्या दिसतील तिथे जाऊन विचारायची, "बसायला काय आहे?" कुठे यश आलं, कुठे हाकलून दिलं. चिमटी रोज संध्याकाळी यायची, माझ्यावर बसायची आणि दोघी कालच्याच विषयावर आज पुन्हा भांडायच्या. दोन वर्षांपूर्वी चिमटी गेली. शिडी पुष्कळ दिवस माझ्याकडे पाहत बसे. मग एकदा मोठ्याने म्हणाली, "रिकामं ठेवायला नव्हतो आपण भांडलो."

तिने मला जवळच्या इस्पितळाच्या फाटकावर आणून दिलं. तिथे एक तरुण पहारेकरीण दिवसभर उभी असते. पहिले काही दिवस तिने माझ्यावर रजिस्टर ठेवलं. शिडी आता एक्याऐंशी वर्षांची आहे. एक दिवस ती काठी टेकत आली आणि फाटकाशी उभी राहिली.

"आजी, तुम्ही बसा ना."

"तू बसेपर्यंत मी उभी."

"अहो, म्हातारं माणूस उभं आणि मी बसू? लोक काय म्हणतील?"

"म्हणावं, म्हातारी हट्टी आहे. काय करणार."

बराच वेळ गेला. शिडीची काठी थरथरू लागली, तेव्हा ती मुलगी घाईने बसली. आजी मान हलवून घरी गेली. ती रोज येते, लांबूनच बघते आणि वळते.

माझा एक पाय आता सैल झालाय. अजून किती टिकेन, सांगता येत नाही. माझं सांगणं मोठं नाही, आणि ते सांगायचा अधिकार मला आहे की नाही, तेही माहीत नाही. पण कधी त्या फाटकावर आलात, तर त्या मुलीला आतला रस्ता जरूर विचारा. ती बसूनच सांगेल. तिला उठवू नका.