पाठीवर नाव घातलेला डॅनिश चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. हसलात ना? वाटलंच मला! अहो, साहेबाच्या मागेपुढे करणारा चमचा नव्हे. चांगला लांब दांड्याचा, स्टेनलेस स्टीलचा, वाढायचा डॅनिश चमचा. वय साठीच्या पुढे. दात नाहीत, पण ते पहिल्यापासूनच नव्हते. दात काट्यांना असतात.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी तिकडे एक नवा विचार रुजत होता. देखण्या वस्तू काय फक्त श्रीमंतांच्या चांदीच्या पेटीतच असाव्यात? रोजच्या जेवणातला चमचाही सुंदर असू दे की! म्हणून आमच्या अंगावर ना वेलबुट्टी, ना नक्षी. सगळा डौल घाटात. आधी लाकडाचा नमुना करून तो हातात धरून पाहिला, तोंडात घालून पाहिला, मग कुठे आम्ही घडलो. आमची झिलईही आरशासारखी लखलखीत नाही, मंद, सायीसारखी. ती चढवायला पॉलिशच्या चाकावर तरुण मुली बसत. त्यांतलीच एक कर्स्टन. एक बारीक ओरखडा दिसला, की मुकादम तो नग परत पाठवायचा. कर्स्टनच्या हातचा एकही नग कधी परत आला नाही. तिच्या लग्नात कारखान्याने आमचा सहा जणांचा संच तिला भेट दिला आणि नवराबायकोबरोबर आम्हीही बोटीने मेलबर्नला आलो.

तिने आम्हाला फुलासारखं जपलं. बटाटे, मासे, वाढदिवसांचे केक, काय काय वाढलं मी! पुढे नवरा गेला आणि घर विकून वृद्धांच्या निवासात जायची वेळ आली. आवराआवरीत तिने दोन खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या, त्या नेमक्या उलट्या. नको असलेले पडदे तिच्याबरोबर गेले आणि आम्ही गेलो ऑप शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या वस्तूंच्या दुकानात. एक काटा तेवढा तिच्याकडे राहिला, कारण त्या दिवशी ती त्याने केक खात होती.

दुकानातून आम्हाला उचललं विनीताने. मेलबर्नच्याच टार्निट या उपनगरातली डॉक्टर, मूळची पुण्याची. आठच दिवसांत मी वरणात पोहायला शिकलो, आणि मराठीही! गणपतीत मंडळाच्या जेवणाला आम्हाला न्यायचं ठरलं, तेव्हा विनीताने कोरायचं मशीन आणलं आणि एकेकाला पालथं घालून पाठीवर नाव घातलं: 'विनीता, टार्निट'. गुदगुल्या झाल्या हो!

तिची लेक अनन्या किंचाळलीच. "आई! धिस इज व्हिंटेज! यू कान्ट जस्ट राइट ऑन इट!"

"मंडळात गेलेलं भांडं नावाशिवाय घरी येत नाही, बाळा," विनीता म्हणाली. आणि खरंच, आम्ही दर वेळी सगळेच्या सगळे परत आलो.

पण एका गुरुवारी विनीता उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली. जेवताना तिने नवऱ्याला, चारुदत्तला, सगळं सांगितलं. मी पातेल्यातच होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

"दर गुरुवारी मी वृद्धांच्या निवासात जाते ना, तिथे नवी पेशंट आहे, कर्स्टन म्हणून. तिच्या टेबलावर आपल्यासारखाच काटा होता. त्याचे भाऊबंद चुकून ऑप शॉपमध्ये गेले म्हणून रोज हळहळते रे. आपण खात बसलोय ते तिचंच आहे! परत तर द्यायलाच हवं. पण आयुष्यभर तिने एक ओरखडा पडू दिला नाही, आणि मी प्रत्येकावर नाव कोरून ठेवलंय!"

"नाव पाठीवर आहे. गुपचूप दे, दिसायचं नाही."

"चारू, तिने स्वतः पॉलिश केलंय त्यांना. तिला कळणार नाही?"

तो आठवडा विनीताला अन्न गोड लागलं नाही. पुढच्या गुरुवारी तिने आम्हाला मऊ फडक्यात गुंडाळलं, श्रीखंडाचा डबा घेतला आणि निघाली. मित्रांनो, माझी तर पाचावर धारण बसली होती!

कर्स्टनने मला पाहिलं आणि छातीशीच धरलं. मग सवयीने तिचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला आणि नावापाशी थांबला.

"हे काय?" तिने विचारलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी आपल्या भाषेत सांगतोय.

"माझं नाव," विनीता म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. बाहेर गेलेलं भांडं घरी परत यावं म्हणून. मला माहीत नव्हतं... सॉरी, कर्स्टन."

कर्स्टनचे खांदे हलू लागले. रडते की काय? छे! ती हसत होती, अगदी पोट धरून.

"अगं, साठ वर्षं मी ओरखडा पडू दिला नाही, आणि खोकं चुकलं तेव्हा हे कुणाचं आहे ते कुणालाच कळलं नाही! शहाणी तू की मी?" तिने चष्मा चढवला. "पण अक्षर वाकडं आहे. सुई फार दाबलीस. मशीन आण, शिकवते."

आणि शिकवलं! पुढच्या खेपेला विनीताचं मनगट धरून तिने माझ्या पाठीवर दुसरं नाव कोरून घेतलं: 'कर्स्टन'. तेही मराठीत. मला तिने ठेवून घेतलं, बाकीच्यांना टार्निटला परत धाडलं. "तुझ्या घरी जेवणारी माणसं आहेत," म्हणाली, "पण गुरुवारी वाढण्यासारखं काहीतरी घेऊन ये."

आता दर गुरुवारी माझी चंगळ असते. मित्रांनो, चांगली भांडी पाहुण्यांसाठी कपाटात कोंडून ठेवू नका. रोज वापरा, मऊ हाताने घासा. आणि स्वयंपाकघरात एकदा शोधून बघा, दुसऱ्या कुणाचं नाव असलेला डबा तुमच्याकडेही असेलच. तो आजच्या आज नेऊन द्या. आणि हो, रिकामा देऊ नका!