निनांगचं कार्ड

लिगायानं पीठ लागलेले हात पुसले आणि पिशवीतून पांढरं पाकीट काढून मैद्याच्या डब्यावर ठेवलं. तिच्या निनांगनं, म्हणजे धर्ममाता एस्ट्रेलिटानं, ते दिसलंच नाही असं दाखवलं. कढईतल्या लुंपिया, सारण भरलेल्या त्या मैद्याच्या सुरळ्या, झाऱ्यानं उलटल्या, गॅस बारीक केला आणि मग पाकीट दोन बोटांत धरून लिगायाच्या पिशवीत परत सरकवलं.

"मी काय बँक आहे?"

"निनांग, तीनशेच आहेत. थोडे थोडे करून..."

"तुझ्या लग्नात धर्ममाता म्हणून उभी राहिले, ती हिशेब करायला? लेकीकडून कोणी पैसे घेतं का?" निनांगनं तेल निथळायला झारा कढईवर धरला. "पुढच्या शनिवारी त्या सेरानोंच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. चारशे लुंपिया. सकाळी सहाला ये."

पाकीट परत यायची ही चौथी वेळ होती.

तीन वर्षांपूर्वी लिगायाच्या नवऱ्याला, दांतेला, परदेशात हल शहराच्या गोदीत वेल्डरची नोकरी लागली. त्याचं आणि लेक तालाचं आरोग्य-शुल्क कंपनीनं भरलं, लिगायाचं राहिलं. पाच वर्षांचं शुल्क एकदम भरल्याशिवाय व्हिसा मिळणार नव्हता. आधीपासून हलमध्येच राहणाऱ्या निनांगनं आपलं कार्ड वापरून एका सकाळीत ते भरून टाकलं. तेव्हापासून कुठल्याही पार्टीत ती लिगायाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायची, "हिला मी आणलं." त्यात खोटं काही नव्हतं. दर शनिवारी निनांगच्या स्वयंपाकघरात लुंपिया वळायला ये, असंही ती कधी म्हणाली नव्हती. फक्त वेळ सांगायची.

ताला नऊ वर्षांची होती. शनिवारी नऊ वाजता तिचा पोहण्याचा वर्ग असायचा. आईनं तिला पोहताना फक्त फोनवर पाहिलं होतं.

"उन्हाळ्यात पूर्ण तलाव पार करायचाय," त्या दिवशी जेवताना ताला म्हणाली. "न थांबता. तू येशील?"

लिगायानं तिच्या ताटात मासा वाढला. "काटे बघून खा," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात लिगायाला वृद्धाश्रमात कायमची नोकरी मिळाली आणि तिचा व्हिसा बदलला. म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्यांच्या या व्हिसावर आरोग्य-शुल्कच नव्हतं. म्हणजे निनांगनं भरलेल्या पाच वर्षांतली दोन वर्षं न वापरता पडून होती. ती परत मागता येतात, असं वृद्धाश्रमातल्या एका बाईनं सांगितलं, तेव्हा दांतेनं मान हलवली.

"कशाला सरकारच्या डोळ्यांवर यायचं? फाइल उघडली की काहीतरी खुसपट काढतील."

"माझ्या फाइलमध्ये आहे काय? तीन पत्ते आणि एक वाईट फोटो."

पहिला अर्ज नामंजूर झाला; नव्या व्हिसाच्या तारखेचं पत्र जोडलं नव्हतं. दांतेनं ज्या तऱ्हेनं चहा ढवळला, त्यात सगळं होतं. लिगायानं पत्र मिळवलं. दुसरा अर्ज भरताना ताला शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होती, आणि आई चुकीच्या रकान्यात लिहायला लागली की पेन्सिलीनं तिच्या बोटावर हळूच टोचत होती.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. दांतेनं ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून.

"मंजूर. बाराशे अठ्ठेचाळीस पौंड." त्याचा आवाज चढला आणि तिथेच अडकला. "थांब. ज्या कार्डावरून भरले, त्याच कार्डावर जमा होतील म्हणतायत. लिगाया, हे निनांगचं कार्ड आहे."

"हो."

"आपला खाते क्रमांक कळवायला हवा. आत्ता लिही."

लिगाया तांदूळ धूत होती. तिनं पहिलं पाणी ओतलं, दुसरं घेतलं.

"तुला माहीत होतं," दांते म्हणाला.

"पहिल्या अर्जाच्या वेळीच. तिसऱ्या पानावर लिहिलंय."

दांतेनं पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग ते घडी घालून टेबलावर ठेवलं आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा हसला.

निनांगचा फोन गुरुवारी आला. लिगाया वृद्धाश्रमात चादरी घालत होती. तिनं फोन खांदा आणि कानामध्ये धरला.

"अनाक, लेकी, माझ्या खात्यात सरकारनं पैसे टाकलेत. काहीतरी घोळ झालाय त्यांचा."

"घोळ नाही, निनांग. न वापरलेल्या दोन वर्षांचे आहेत. तुम्ही भरलेले."

"मग तुझेच की. येऊन घेऊन जा."

"माझे कसे? कार्ड तुमचं."

"मी तुझ्याकडून पैसे घेत नाही, तुला माहीत आहे."

"मी कुठे दिले? सरकारनं दिले."

पलीकडे निनांगच्या घरातला कुकर वाजला.

"परत पाठवते त्यांना."

"पाठवा. अर्ज करावा लागतो. मला दोनदा करावा लागला."

निनांगनं नाकातून आवाज काढला. तो हसण्याचा होता की नव्हता, लिगायाला ठरवता आलं नाही. तिनं चादरीचा कोपरा गादीखाली घट्ट खोचला.

"आणि पहिली तीन वर्षं?" निनांगनं विचारलं. तिचा आवाज आता कमी चढा होता.

"ती मी लुंपिया वळून फेडली, निनांग. दर शनिवारी." लिगायानं उशी सरळ केली. "या शनिवारी ताला पूर्ण तलाव पार करणार आहे. मी तिथे असेन. जमलं तर तुम्हीही या. नऊ वाजता."

वेळ सांगून तिनं फोन ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आज वेळ तिनं सांगितली होती.

शनिवारी तलावाच्या काठावरच्या बाकांवर ओलसर गरम हवा होती. ताला तिसऱ्या रांगेत होती. मधल्या खुणेपर्यंत ती नीट गेली, मग तिचा वेग मंदावला. एक हात पाण्यावर जरा जास्त वेळ राहिला. दांते उठून उभा राहिला. लिगायानं त्याला बाही धरून खाली बसवलं. तालानं तोंड वळवून श्वास घेतला, पाय मारले, पुन्हा मारले, आणि भिंतीला हात लावला. लिगाया इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागली की शिट्टीवाल्या बाईनं वळून पाहिलं.

"माझ्यासाठी एवढ्या टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत," मागून आवाज आला.

निनांग कोट न काढता बसली होती. मांडीवर डबा होता. तिनं झाकण उघडलं. लुंपिया जाड होत्या, दोन-तीन फुटून आतलं सारण बाहेर आलं होतं.

"आज एकटीनं वळल्या. हाताला वळण राहिलं नाही आता," ती म्हणाली.

लिगायानं फुटलेलीच उचलली आणि खाल्ली. मग ती चहाच्या खिडकीपाशी गेली. निनांगही मागोमाग आली. तीन चहा सांगून होईपर्यंत सवयीनं निनांगचा हात पर्समध्ये गेला, चेन अर्धी उघडली. लिगायानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती नाणी मोजत राहिली.

पर्सची चेन बंद झाल्याचा आवाज आला.

"माझ्यात साखर दोन चमचे," निनांग म्हणाली.