मोहाडीचे केवलराम आणि खुलन्याचा निताई

केवलराम सेलोकर भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनमधून रिटायर झाले आणि थेट देशाच्या सेवेत रुजू झाले. ही सेवा हुडको वसाहतीतल्या भैयालालच्या चहाटपरीवर, सकाळी फिरून आल्यावर, बाकावर बसून करायची असे. देशाची सीमा कुठं फाटली आहे, तिथून कोण आत शिरतं, इथं येऊन कोणाचं काम पळवतं, हे सगळं मोबाइलमुळे त्यांना तोंडपाठ झालं होतं. घरी बायको मथुरा त्यांना दुधाकडे लक्ष ठेवायलाही सांगत नसे, कारण ते हमखास उतू जाई. देश मात्र आपल्याच भरवशावर चाललाय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

टपरीवर त्यांच्याशी भांडणारा माणूस एकच, रेल्वेतून निवृत्त झालेले जानराव.

"लोक हौसेनं घर सोडत नाही, केवल," जानराव म्हणत. "तिकडे नदीनं जमीन खाल्ली, इकडे ठेकेदाराले सस्ता मजूर पाहिजे. ठेकेदाराले कोनी काही म्हनत नाही, अन् तू मजुराले शिव्या देऊन राहिला."

"मंग सीमा कायले पाहिजे? घराले दरवाजा कायले लावतं तू?"

यावर जानराव आडवळणानं येत. "तुझा बाप कोनाले इचारून भिलाईत आला होता?"

"भारतातून भारतात आला बे तो! चार भावांत वावर वाटलं, याच्या वाट्याले बांधच आला. इथं प्लांट बनून राहिला होता. काय करन मानूस?"

"मी तेच सांगून राहिलो," जानराव म्हणत आणि चहा संपवत. वाद आपणच जिंकला असं समजून केवलराम घरी जात.

त्या दिवसांत मथुरेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ममता नावाची बंगाली बाई घरी येऊन स्वयंपाक करी, मथुरेला धरून चालवी. एकदा तिचा नवरा निताई तिला न्यायला आला. फरशी बसवणारा, अबोल माणूस. केवलरामांनी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "घर कहाँ है तुम्हारा?"

"खुलना," निताई म्हणाला.

केवलरामांनी मोबाइलवर पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. खुलना बांगलादेशात! इतकी वर्षं ते ज्याच्याबद्दल बोलत होते, तो त्यांच्याच कपातून चहा पिऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात फोन लावला. निताईचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. त्याची बायको आपल्याकडे येते, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं नाही, त्यांनी ते राहू दिलं. देशही वाचला पाहिजे आणि सकाळचा नाश्ताही वेळेवर मिळाला पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

दोन दिवसांनी ममता डाळ चढवता चढवता रडायला लागली. निताईला उचलून नेलं होतं. "इधर छत्तीसगढ़ के ही पखांजूर में पैदा हुआ है काका, मैं भी वहीं की हूँ. उसके दादा बँटवारे के बाद उधर से आए, सरकार ने ही उनको जंगल में बसाया था. वहाँ काम नहीं, इसलिए यहाँ आए. मेरी कोई सुनता नहीं. बोलते हैं, दूर कहीं कैंप में भेज देंगे. आप चलो ना, आप बड़े आदमी हो."

केवलरामांनी बी.पी.ची आठवण काढून पाहिली.

"जा ना," मथुरा पलंगावरून म्हणाली. "रोज तर देश चालवता. आज एका मानसाले सोडवून आना."

ठाण्यात निताई भिंतीला टेकून बसला होता. साहेब तरुण होते आणि कंटाळलेले होते. "हम क्या करें? इसने हमारे सामने भी यही बोला, घर खुलना है."

"दादा का घर, साब," निताई म्हणाला. "हमने देखा नहीं कभी. कोई पूछता है तो हम लोग वही बोलते हैं."

"जो देखा नहीं वो घर कैसे हुआ? ऐसा कौन बोलता है?" साहेब केवलरामांकडे वळले. "आप बताइए. आप कहाँ के हैं?"

"मोहाडी. जिला भंडारा," केवलराम छाती काढून म्हणाले.

"अच्छा. वहाँ से कब आए?"

"मैं तो... पैदा इधर ही हुआ."

"मकान होगा वहाँ? खेती?"

"नहीं. एक शादी में गया था."

साहेब हसले. केवलराम हसले नाहीत. जन्म इथला, शाळा इथली, पगार आणि पेन्शनही इथलंच. आणि आयुष्यभर गाव विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते एकदाच पाहिलेलं मोहाडी सांगितलं होतं. भिलाईतल्या त्यांच्या सगळ्या गोतावळ्याची हीच रीत. त्यांना कधी कोणी उचललं नाही, एवढाच काय तो फरक. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"लेकिन शिकायत करनेवाले ने तो पक्का बताया था," साहेब म्हणाले.

ममता शेजारीच उभी होती. गप्प राहणं अगदी सोपं होतं.

"उसको कुछ पक्का नहीं मालूम, साब," केवलराम म्हणाले. "वो फोन मैंने किया था."

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि पखांजूरला फोन लावायला सांगितलं. तिथल्या ठाण्याला निताईचं अख्खं घर ठाऊक होतं. दुपारी त्याला सोडलं.

बाहेर आल्यावर केवलराम काहीतरी बोलायला पुढे झाले. ममतानं त्यांना बोलू दिलं नाही.

"काकी को शाम को चलाना होता है," ती म्हणाली. "बायाँ हाथ पकड़ना. सीढ़ी मत चढ़ने देना. दाल गरम कर लेना."

आणि ती निताईबरोबर रस्ता ओलांडून गेली.

घरी मथुरा वाटच पाहत होती. "सुटला का?"

"सुटला. चाल, ऊठ. हात दे."

"तुम्ही चालवता? ममता कुठं हाय?"

"ते आता येनार नाही."

"कावून?"

केवलरामांनी तिचा डावा हात घट्ट धरला. "सांगतो," ते म्हणाले. "पहिले पाय टेक नीट. माह्यामुळं येनार नाही ते."