कोपरापुरती लोकर

टपालाने लेकीचा स्वेटर आला. लेकीला घेऊन यायची सोय टपालवाल्यांकडे नसावी. उजवं कोपर पार फाटलेलं. फोनवर म्हणाली, "आई, त्याच रंगाच्या लोकरीने नीट करून पाठव. जोड दिसता कामा नये हं."

आई लोकर रंगवणारी रंगारीण, तिला हुरूप आला. पोरगी परदेशी निघाली तेव्हा तिनेच तो रंगवून विणला होता. लोकर तुरटीच्या पाण्यात भिजवायची आणि कांद्याच्या टरफलांच्या काढ्यात मंद आचेवर शिजवायची. टरफलं नवरा भाजीबाजारातून फुकट आणायचा.

"घरात कांदा औषधालाही नाही आणि टरफलं पोत्याने," पोतं ओतत तो म्हणाला.

पहिली लडी निघाली ती चांगली केशरी. स्वेटर मात्र फिकट, वाळल्या गवतासारखा. तिने टरफलं कमी केली. लडी लवकर काढून पाहिली. दोरीवर लड्यांची रांग लागली, पण एकही जुळेना. आपला हात गेला, या विचाराने तिला रडूच कोसळलं. लेकीने इतक्या वर्षांत मागून मागून एवढंच मागितलं होतं.

"डाळिंबाची सालं टाकून बघ," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. कांद्याचाच रंग आहे तो. मी विसरेन होय?"

शेवटी त्यातल्या त्यात जवळची लोकर लावावी म्हणून तिने बाहीची शिवण उसवली. आत दुमडलेली कड बाहेर आली. कड केशरी होती. तिने दोरीवरची पहिली लडी ओढून शेजारी धरली. तंतोतंत तोच रंग.

तिचा हात शाबूत होता. विटला होता तो स्वेटर, तिकडच्या उन्हात, तिने कधी न पाहिलेल्या अंगणात वाळून वाळून. आणि ती मात्र लेक निघाली त्या दिवसाचा रंग घेऊन बसली होती. 

तिने पहिल्याच लडीने कोपर विणलं. ठिगळ लांबूनही डोळ्यांत भरत होतं. मग तिने फोन लावला.

"झाला स्वेटर. पण पाठवणार नाही. अंगावर घालून बघावा लागेल."

"आई, कोपर तर आहे नुसतं!"

"मग? त्यात हात तुझाच लागेल ना?"

 मग लेकीने हळूच विचारलं, "रंग जुळला?"

"नाही गं. माझ्याकडे तू गेलीस तेव्हाचाच आहे. येऊन बघ."